द्यूताचा परवाना व रयतेची हरकत : कळंब तालुक्याचे दृष्टीनें कांहीं विचार

ता. २ ऑक्टोबर २०२५ रोजीं भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानें ऑनलाइन खेळांसंबंधीं नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला, व त्यावर कोणाची हरकत वा सूचना असेल तर ती ता. ३१ ऑक्टोबरपर्यंत पाठवावी असें कळविलें. मसुद्यांत एक स्वतंत्र प्राधिकरण, खेळांची नोंदणी, पैशाचा खेळ कोणता व बिनपैशाचा कोणता याचा निर्णय, आणि तक्रारींचे निवारण इतक्या गोष्टी होत्या. जुन्या कागदांचा शोध करणाऱ्या मंडळींस या वर्तमानाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांचे मनांत येईल. त्याचें उत्तर देणें हाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

द्यूतासंबंधीं राजशासन हा आपल्या धर्मशास्त्राच्या पोथ्यांतील अत्यंत जुना विषय आहे. खेळ एका छताखालीं आणावा कीं समूळ बंद करावा, आणि आणल्यास त्यांतून राजानें किती भाग घ्यावा, या दोन प्रश्नांचा काथ्याकूट दोन हजार वर्षें चालू आहे. परंतु नियम करण्यापूर्वीं कोणाचें म्हणणें ऐकावें, हा तिसरा प्रश्न निराळा आहे. पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें ग्रंथांत व कायद्यांच्या पुस्तकांत सांपडतात. तिसऱ्याचें उत्तर सुट्या कागदांवर असतें, आणि सुटे कागद आधीं नाहींसे होतात. धाराशिव जिल्ह्यांतील कळंब तालुका उदाहरणादाखल घेऊन हें दाखवावें असें आम्हीं योजिलें आहे. कळंबवर एकामागून एक निरनिराळ्या राजवटींचे कायदे चालले, म्हणून हें उदाहरण विशेष उपयोगी पडतें.

१. एकमुख द्यूत

प्रथम ग्रंथांकडे वळूं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली, हें वाचकांस विदित आहेच. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अधिकरणाच्या शेवटच्या अध्यायांत द्यूताध्यक्ष नांवाचा अधिकारी सांगितला आहे. त्यानें सर्व खेळ एके ठिकाणीं चालवावा. दुसरीकडे खेळणाऱ्यास बारा पण दंड. खऱ्या कवड्या व खरे फासे अध्यक्षानें पुरवावे. ते कोणीं बदलल्यास पुन्हा दंड. जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच घ्यावे, आणि शिवाय साहित्याचें भाडें, पाण्याचा व जागेचा आकारही घ्यावा. खेळ एकत्र ठेवण्याचें कारणही तेथें दिलें आहे. गुप्तपणें उपजीविका करणारे लोक यामुळें राजाच्या नजरेस पडतात. परवाना, तपासणी, कर व पोलिसी नजर हीं आजच्या नियमांचीं चारही अंगें तेथें आहेत.

मनुस्मृतीचें मत याच्या अगदीं उलट. तिच्या नवव्या अध्यायांत द्यूत व समाह्वय, म्हणजे निर्जीव फाशांचा खेळ व सजीव प्राण्यांच्या झुंजीवरील पैज, हीं दोन्ही राजानें आपल्या राष्ट्रांतून घालवून द्यावीं असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानें मात्र खेळ मान्य करून त्याला नियम घातले. खेळाच्या घराचा चालक तो सभिक. ज्याची जीत शंभर वा त्याहून अधिक होईल त्याजकडून त्यानें शेंकडा पांच घ्यावे, इतरांकडून शेंकडा दहा. राजानें त्याचें रक्षण करावें व त्यानें राजाचा ठरलेला भाग द्यावा. जो खेळ सभिकासमक्ष, उघडपणें व राजाचा भाग देऊन झाला, त्यांतील जिंकलेला पैसा राजानें वसूल करून द्यावा. चोरून झालेल्या खेळांतील देऊं नये. हें शेवटचें कलम फार महत्त्वाचें आहे. परवान्याचा खरा अर्थ त्यांत आहे : ज्या खेळाला राजाची मान्यता, त्याच्याच देण्याघेण्याला राजाचें न्यायासन.

आतां हे नियम कळंबच्या मुलुखाशीं जोडणारा दुवा पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें कल्याण नगरींत लिहिली. हें कल्याण म्हणजे कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांतलें बसवकल्याण; कळंबहून तें आग्नेयेस पडतें. त्या वेळीं तेथें चालुक्य सहावा विक्रमादित्य राज्य करीत होता (इ. स. १०७६ ते ११२६), आणि आजचा धाराशिव जिल्हा त्याच राज्यांत मोडत असे. म्हणजे ज्या टीकेच्या आधारें पुढें हिंदुस्थानाच्या बहुतेक भागांत वारसा व व्यवहार यांचे निवाडे झाले, तींतील द्यूतप्रकरण या प्रदेशाच्या राजधानींत विवरिलें गेलें. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास ग्रंथांत तर क्रीडांची एक सबंध विंशति आहे, व तींत फाशांच्या व कवड्यांच्या खेळांचे प्रकार दिले आहेत. एकाच राजघराण्याच्या आश्रयानें एका ग्रंथांत द्यूताचा व्यवहार व दुसऱ्यांत त्याचा विलास नोंदला गेला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

२. साक्ष कोणाची घ्यावी

याज्ञवल्क्याच्या याच प्रकरणांत आमच्या तिसऱ्या प्रश्नाचें पहिलें उत्तर सांपडतें. द्यूतांत तंटा पडल्यास त्याचे परीक्षक व साक्षी खेळणारेच असावेत, असें तेथें म्हटलें आहे. एरवीं याच स्मृतींत जुगारी मनुष्य साक्षीस अपात्र गणला आहे. खेळाच्या आंतील गोष्ट आंतल्या मनुष्यासच ठाऊक, म्हणून हा अपवाद केला असला पाहिजे. व्यवहाराच्या दृष्टीनें तो सयुक्तिक आहे. परंतु त्याचा परिणाम असा झाला कीं, द्यूताच्या निवाड्यांत सभिक बोलला, जिंकणारा बोलला, हरणाराही बोलला. हरणाऱ्याच्या घरचें माणूस मात्र बोललें नाहीं.

तें माणूस वाङ्मयांत मात्र बोललेलें आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील अक्षसूक्तांत जुगाऱ्याची टाकलेली पत्नी व भटकणाऱ्या मुलाची आई या दोघींचें दुःख आहे. सभापर्वांत तर द्रौपदीनें प्रत्यक्ष कायद्याचाच मुद्दा काढला. स्वतःस आधीं हरलेल्या मनुष्यास दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार काय, या तिच्या प्रश्नास सभेंत नीट उत्तर मिळालें नाहीं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तींत एजर्टन यांनीं संपादिलेलें हें पर्व ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस या प्रश्नाभोवतीं पोथ्यापोथ्यांत किती पाठभेद व किती भर जमली आहे हें ठाऊकच आहे. नकलणाऱ्यांसही तो प्रश्न अपुरा सुटलेला वाटला असला पाहिजे, असें आमचें अनुमान आहे.

मराठींतील उदाहरण लीळाचरित्राचें. महानुभाव पंथाच्या या आद्य गद्यग्रंथांत हरपाळदेवाची कथा येते. त्यास द्यूताचा नाद होता. हरल्यावर देणें भागविण्याकरितां त्यानें पत्नी कमळाइसेकडे अलंकार मागितले, व तिनें ते देण्याचें नाकारलें. पुढें हरपाळदेव घर सोडून निघाले व तेच चक्रधरस्वामी म्हणून विख्यात झाले, अशी ती कथा आहे. पंथाच्या दृष्टीनें तिचा अर्थ निराळा असेल. आम्हांस येथें इतकेंच पाहावयाचें आहे कीं, घरचा दागिना फडावर जाऊं न देणाऱ्या स्त्रीचा नकार मराठी गद्याच्या अगदीं आरंभीं नोंदला गेला. राजशासनाच्या कागदांत असा नकार क्वचितच सांपडेल, कारण त्याला तेथें जागाच ठेवलेली नव्हती.

३. निजामी अंमल व १३०५ फसलीचा कायदा

आतां अलीकडच्या काळाकडे येऊं. कळंब हें मांजरा नदीच्या परिसरांतील तालुक्याचें गांव १९४८ पर्यंत हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होतें. मध्यें थोडा खंड पडला. १८५३ च्या तहान्वयें नळदुर्ग–धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे लावून देण्यांत आला, व १८६० मध्यें तो निजामास परत मिळाला. त्या अवधींत नळदुर्गास कर्नल मेडोज टेलर हे डेप्युटी कमिशनर होते. इंग्रजांचा सार्वजनिक जुगाराचा कायदा १८६७ चा. तो वायव्य प्रांत, पंजाब, मध्यप्रांत इत्यादि मुलुखांस लागू झाला. तोंपर्यंत धाराशिव इंग्रजांच्या हातून गेलें होतें. म्हणून या जिल्ह्यास जुगाराचा लेखी कायदा मिळाला तो हैदराबादेहून.

तो कायदा १३०५ फसलीचा दुसरा. संग्राहकांकरितां येथें कालगणनेचा खुलासा करणें जरूर आहे. मराठी दप्तरांतील सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. दक्षिणी फसलींत ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. या दोहोंची गल्लत केल्यास नऊदहा वर्षांची चूक पडते. हैदराबादचें फसली वर्ष ऑक्टोबरांत सुरू होई. तेव्हां १३०५ फसली म्हणजे १८९५–९६. कळंब वा आसपासच्या गांवीं जुन्या फौजदारी निकालाची नक्कल हातीं आल्यास तीवरील सन या हिशेबानें लावावा.

या कायद्याची घडण इंग्रजी कायद्यांच्याच नमुन्याची होती. जुगाराचें घर चालविणें हा एक गुन्हा, त्या घरांत सांपडणें हा दुसरा. आणि चौदाव्या कलमानें केवळ कौशल्याचे खेळ यांतून वगळलेले. हें चौदावें कलम पुढें फार गाजलें. त्याची हकीकत पुढें येईल.

हा कायदा करतांना कळंबच्या रयतेस कोणीं विचारलें काय? संस्थानांत १८८४ पासून उर्दू ही दरबारची भाषा झालेली होती, व सरकारी हुकूम जरीद्यांत, म्हणजे संस्थानच्या गॅझेटांत, प्रसिद्ध होत. कायदे करणाऱ्या मंडळांत सर्वसामान्य रयतेनें निवडलेला मनुष्य नव्हता. कळंबचा मराठी शेतकरी वा येरमाळ्यास येडेश्वरीच्या चैत्री यात्रेंत पाल ठोकणारा दुकानदार, यांस हा कायदा कळला असेल तो शिपायाच्या तोंडून किंवा दंडाच्या पावतीवरून. दिवाळीच्या पाडव्यास धर्मग्रंथ द्यूतप्रतिपदा म्हणतात व त्या दिवशीं खेळण्याचा आचार सांगतात. त्याच दिवशींचा खेळ कायद्याच्या कक्षेंत येतो कीं नाहीं, हें विचारण्याची सोय त्या गृहस्थास कोणत्या भाषेंत होती?

४. मुंबई इलाख्यांतील रीत

शेजारच्या मुंबई इलाख्यांत स्थिति थोडी निराळी होती. तेथें जुगारप्रतिबंधक कायदा १८८७ चा चौथा. विधेयकें सरकारी गॅझेटांत छापलीं जात. अधिकारी व प्रतिष्ठित संस्था यांचीं मतें मागविण्यांत येत. १८७० मध्यें स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा अशा अनेक विषयांवर सरकारकडे अर्ज व अभिप्राय पाठवी, व १८७८ पासून तिचें त्रैमासिकही निघूं लागलें. इंग्रजी जाणणाऱ्या थोड्या लोकांपुरती कां होईना, पण लेखी मत देण्याची वहिवाट येथें पडली.

त्या वहिवाटीची गरज कां होती, हें पावसाच्या सट्ट्यावरून समजतें. मुंबईंत पावसाळ्यांत अमुक वेळांत पाऊस पडेल कीं नाहीं, छपराची मोरी वाहील कीं नाहीं, यावर मोठमोठ्या पैजा लागत. पावसावरील पैज हा १८८७ च्या कायद्यांतला जुगार नव्हे, असा निर्णय १८८९ सालीं मुंबई हायकोर्टांत झाला. तेव्हां १८९० चा पहिला कायदा करून पैज लावणें हेंही जुगाराच्या व्याख्येंत घालण्यांत आलें. कलकत्त्यास याच खेळाकरितां १८९७ मध्यें बंगालचा निराळा कायदा झाला. शब्दाची व्याख्या खेळापेक्षां मागें राहते, व मग ती धांवत गांठावी लागते, असा हा अनुभव आहे. खेळ प्रत्यक्ष पाहणाऱ्या लोकांस आधीं विचारलें तर ही धांव थोडी कमी होईल. हरकती मागविण्याच्या पद्धतीस याहून मोठें समर्थन नको.

१८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या तेविसाव्या कलमानें या पद्धतीस ठरीव रूप दिलें. मूळ कायद्यांत पूर्वप्रसिद्धीची अट असेल तेथें नियमांचा मसुदा प्रसिद्ध करावा, विचाराची तारीख द्यावी, आणि त्या तारखेपूर्वीं आलेल्या हरकती व सूचना अधिकाऱ्यानें विचारांत घ्याव्या, असें तें कलम सांगतें. विचारांत घ्याव्या, एवढेंच. त्या छापाव्या, त्यांस उत्तर द्यावें किंवा त्या जतन कराव्या असें तेथें म्हटलेलें नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें सर्व अडचण या मौनांत आहे.

५. नाल, रमी आणि चौदावें कलम

सभिकाच्या शेंकडा पांचास आपल्याकडे नाल म्हणतात. फड भरविणाऱ्यानें प्रत्येक डावामागें काढून घ्यावयाचा हा पैसा. नाल घेतला म्हणजे घर जुगाराचें ठरतें, हा पोलिसांचा जुना ठोकताळा. या ठोकताळ्याची कसोटी लागली ती १३०५ फसलीच्या त्याच कायद्याखालीं.

सिकंदराबादेच्या एका क्लबांत कांहीं इसम पैसे लावून रमी खेळतांना सांपडले. क्लब प्रत्येक डावामागें कांहीं आकार घेत असे. खालच्या कोर्टांत शिक्षा झाली, हायकोर्टांत आरोपी सुटले, आणि आंध्र सरकारनें सुप्रीम कोर्टांत अपील केलें. नोव्हेंबर १९६७ मध्यें न्या. हिदायतुल्ला यांनीं दिलेल्या निकालांत असें ठरलें कीं, तीन पानी खेळाप्रमाणें रमी ही निव्वळ दैवाधीन नाहीं. पडलेलीं पानें लक्षांत ठेवणें, कोणतें राखावें व कोणतें टाकावें हें ठरविणें, यांत कौशल्य लागतें. क्लबानें सोयीकरितां माफक आकार घेतला म्हणून तो जुगाराचा अड्डा होत नाहीं. मात्र मालक खेळांतूनच नफा काढीत असेल तर गोष्ट निराळी. अपील फेटाळण्यांत आलें.

या निकालाच्या वेळीं कळंब आंध्रांत नव्हतें. १९४८ च्या सप्टेंबरांत पोलिस कारवाई होऊन संस्थान भारतांत सामील झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत व १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. पुढें मुंबईचाच १८८७ चा कायदा सर्व महाराष्ट्राचा झाला, आणि तिकडे आंध्रांत १९७४ मध्यें नवा कायदा होऊन १३०५ फसलीचा कायदा इतिहासजमा झाला. तरी त्याच्या चौदाव्या कलमावरील निकाल मात्र जिवंत राहिला. एकविसाव्या शतकांत हातांतल्या फोनवर पैसे लावून रमी खेळविणाऱ्या कंपन्यांनीं आपल्या धंद्याचा आधार म्हणून हाच निकाल वारंवार पुढें केला. ज्या कायद्याविषयीं कळंबच्या रयतेस कोणीं विचारलें नव्हतें, त्याचें एक कलम कालांतरानें अर्थ बदलून कळंबच्या घराघरांत परत आलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

६. महाराष्ट्र राज्यांतील परवाने

महाराष्ट्रानें या विषयांत कधीं मनूचा व कधीं याज्ञवल्क्याचा मार्ग धरला. घोड्यांच्या शर्यतींस १९१२ च्या मुंबईच्या कायद्यानें परवाना मिळालेला होता. शब्दकोड्यांच्या बक्षीसयोजना फार माजल्या तेव्हां १९४८ मध्यें मुंबई सरकारनें लॉटरी व बक्षीसस्पर्धा यांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. त्यावरील चामरबागवाला खटल्यांत १९५७ मध्यें सुप्रीम कोर्टानें जुगार हा व्यापारच नव्हे, म्हणून त्यास घटनेंतील व्यापारस्वातंत्र्याचें संरक्षण नाहीं, असा निर्णय दिला. १९६९ पासून राज्य सरकारनें स्वतःची लॉटरी सुरू केली. म्हणजे राजा स्वतःच सभिक झाला. १९७६ मध्यें कॅसिनोंवर नियंत्रण व कर ठेवणारा कायदा मंजूर झाला, पण तो कधींच अंमलांत आला नाहीं व २०२३ मध्यें रद्द करण्यांत आला. सत्तेचाळीस वर्षें पुस्तकांत राहून एकही परवाना न देणारा हा कायदा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. शेजारच्या गोमंतकांत याच वर्षीं, १९७६ मध्यें, झालेल्या कायद्यांत पुढें दुरुस्त्या होऊन कॅसिनोंस वाट मिळाली. एकाच वर्षाचे दोन कायदे, दोन भिन्न गति.

राजभागाचें प्रमाणही पाहण्यासारखें आहे. कौटिल्याचा भाग जिंकणाऱ्याकडून शेंकडा पांच होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर शेंकडा २८ वस्तु व सेवा कर बसला, आणि तोही खेळणाऱ्यानें भरलेल्या सबंध रकमेवर. तो जिंको वा हरो. पूर्वीं राजा जितावर बसे, आतां तो पणावर बसला.

त्यानंतर दोन वर्षांच्या आंत धोरण पुन्हा उलटलें. ऑनलाइन खेळांचें विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें व त्याच दिवशीं मंजूर झालें; २१ रोजीं राज्यसभेनें मान्यता दिली; २२ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळाली. या कायद्यानें कौशल्य व दैव हा भेदच पुसून टाकला. पैसे लावून खेळावयाचा ऑनलाइन खेळ, मग तो कसल्याही प्रकारचा असो, निषिद्ध झाला. खेळविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटि रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; खेळणाऱ्यास मात्र शिक्षा नाहीं. जुन्या कायद्यांत फडावर सांपडलेला प्रत्येक इसम आरोपी असे. येथें खेळणारा हा बुडालेला, गुन्हेगार नव्हे, असें धरलें आहे. हा फरक आमच्या मतें या कायद्यांतील सर्वांत महत्त्वाचा आहे.

आतां वाचकांनीं तारखा ताडून पाहाव्या. मुख्य प्रश्न, म्हणजे खेळ ठेवावा कीं बंद करावा, हा तीन दिवसांत निकालांत निघाला. व त्याखालील नियमांवर मत देण्यास महिनाभर दिला गेला. छत पाडावें कीं राखावें हें आधीं ठरलें, आणि दारें-खिडक्यांविषयीं मागाहून विचारलें. निर्णय बरा कीं वाईट, हें येथें आम्ही सांगत नाहीं. रयतेची हरकत नेमकी कोणत्या पायरीवर मागितली जाते, हें इतिहासकारानें टिपून ठेविलें पाहिजे, इतकेंच आमचें म्हणणें.

७. संग्राहकांस विनंति

वर दाखविलेल्या क्रमावरून एक गोष्ट उघड होते. कायदा कोणी केला, कर किती होता, शिक्षा काय होती, हें सर्व आपणांस सांगतां येतें. ज्यांच्या घरचा दागिना गेला त्यांनीं काय म्हटलें, हें सांगतां येत नाहीं. अक्षसूक्तांतील माता, सभेंतील द्रौपदी, लीळाचरित्रांतील कमळाइसा यांच्या पलीकडे आपणांजवळ लेखी पुरावा फारच थोडा आहे. कौटिल्याच्या अध्यक्षाचें, मिताक्षरेंतील सभिकाचें व सिकंदराबादेच्या क्लबाचें म्हणणें टिकलें. कारण तें सांगण्यास त्यांना अधिकृत जागा होती. आज कागदोपत्रीं ती जागा सर्वांस खुली आहे. परंतु जाणकार वकील ठेवून लांबलचक निवेदन पाठविणारी कंपनी व तालुक्याच्या गांवांतील कर्जबाजारी घर यांच्या बोलण्यांत जें अंतर पूर्वीं होतें, तें केवळ मसुदा प्रसिद्ध केल्यानें नाहींसें होत नाहीं.

तें अंतर कमी करणें हें राज्यकर्त्यांचें काम. तें नोंदून ठेवणें हें आपलें. म्हणून कळंब, वाशी, भूम, धाराशिव या भागांतील संग्राहकांस आमची सूचना अशी आहे कीं, त्यांनीं पुढील प्रकारचे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत. एक, मोडी दप्तरांत गुन्हेगारी व कोतवाली या सदरांखालीं जमा झालेल्या दंडाच्या रकमा. दोन, निजामी अमदानींतील उर्दू निकालांच्या नकला, जरीद्याचे सुटे अंक व जप्तीचे पंचनामे. तीन, सावकारांच्या वह्या व गहाणखतें. दिवाळीच्या व यात्रेच्या सुमारास गहाण पडलेल्या दागिन्यांच्या नोंदी एकत्र केल्यास त्यांतून कांहीं अनुमान काढतां येईल. चार, यात्रांतील खेळांस दिलेले किंवा नाकारलेले परवाने, व त्यांविरुद्ध गांवकऱ्यांनीं केलेले अर्ज. पांच, लॉटरीचीं तिकिटें, शब्दकोड्यांचीं प्रवेशपत्रें व मटक्याच्या आंकड्यांच्या चिठ्ठ्या. या आज क्षुल्लक वाटतात, पण ताम्रपटाखेरीज दुसऱ्या कशास महत्त्व न देण्याची चूक आपल्या पूर्वसूरींनीं केली तिचें प्रायश्चित्त आपण अद्याप भोगीत आहों.

सहावा प्रकार सर्वांत नवा व सर्वांत नाशवंत. सरकारी मसुद्यावर कोणीं व्यक्तीनें, शाळेनें, महिला मंडळानें वा ग्रामपंचायतीनें हरकत पाठविली असेल, तर तिची प्रत. ती विद्युत्-टपालानें जाते; पाठविणाऱ्याच्या फोनबरोबर ती नष्ट होते, आणि सरकारनें ती राखावी असें तेविसावें कलम सांगत नाहीं. अशा प्रत्येक पत्राची एक प्रत कागदावर उतरवून, तारीख व गांव लिहून, जवळच्या वाचनालयांत वा संग्रहांत ठेवावी. पाठविणाऱ्यानें संमति दिली असेल तरच त्याचें नांव ठेवावें. कर्जाची व व्यसनाची हकीकत ही उघड करावयाची वस्तु नव्हे. नांव नसलें तरी गांव, सन व तक्रारीचा विषय एवढ्यावरून पुढील संशोधकाचें काम भागेल.

मिताक्षराकारास द्यूताच्या तंट्यांत खेळणाऱ्यांचीच साक्ष घ्यावी लागली, कारण स्मृतीनें दुसऱ्या साक्षीची तरतूद केलेली नव्हती. पुढें शंभर वर्षांनीं २०२५ च्या मसुद्याचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास तीच अडचण पडूं नये. त्याच्यापुढें कंपन्यांचीं निवेदनें असतील, कोर्टाचे निकाल असतील, कराचे आंकडे असतील. त्यांच्या शेजारीं मांजरेच्या कांठच्या एखाद्या आईनें मराठींत लिहिलेल्या चार ओळीही असाव्या. तशा ओळी ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्या जपून ठेवाव्या व त्यांची नोंद मंडळाकडे पाठवावी, अशी विनंति करून हा लेख येथें पुरा करतों.